सारस पाहायला किती दूर जायचे?



पुढेमागे तुमच्यापैकी काहीजण मित्रमंडळींबरोबर परदेशी सहलीला जातील. अशा सहलीत एखादे प्राणिसंग्रहालय बहुधा असतेच. तिकीट काढायचे, जिराफ आणि पेंग्विन पाहायचे, छायाचित्रे घ्यायची आणि परतायचे, एवढ्यावर ती भेट संपते. माझे मत असे, की बाहेर पडण्यापूर्वी तेथे एक प्रश्न अवश्य विचारावा : ‘येथे वाढलेला एखादा प्राणी तुम्ही पुन्हा मोकळ्या निसर्गात सोडला आहे काय?’

थायलंडमधील नाखोन राचासिमा या शहराच्या प्राणिसंग्रहालयात या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे मिळेल. ज्याला सोडले, तो पक्षी गोंदिया जिल्ह्यातील मुलांच्या चांगल्या ओळखीचा आहे. तो म्हणजे सारस! लाल डोके, राखाडी अंग आणि जवळजवळ माणसाएवढी उंची असलेला हा पक्षी उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत उंच. थायलंडमधला सारस आपल्याच जातीचा. फक्त त्याची उपजात वेगळी.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात थायलंडच्या रानातून सारस नाहीसा झाला. पाणथळ जागा गेल्या, शिकार झाली. मग प्राणिसंग्रहालयात त्याची पैदास करण्यात आली आणि 2011 पासून बुरीराम प्रांतात पक्षी सोडण्यास सुरुवात झाली. आजवर शंभराहून अधिक सारस सोडले गेले. त्यांनी तेथील भातशेतीत घरटी बांधली आणि पिलेही वाढवली.

हे काम सोपे नव्हे. सारसाची मादी एका वेळी बहुधा दोनच अंडी घालते. ती सुमारे महिनाभर उबवावी लागतात. शिवाय अंड्यातून निघालेले पिलू ज्याच्या सहवासात वाढते, त्यालाच आपले आईबाप मानते. ते माणसाळले, तर रानात टिकायचे कसे? म्हणून क्रौंच पक्ष्यांची पिले निसर्गात सोडण्यासाठी वाढवताना रक्षक अंगावर झगा घालून चेहरा झाकतात आणि पक्ष्याच्या डोक्याच्या आकाराच्या बाहुलीने त्यांना खाऊ घालतात. एका पिलासाठी केवढा हा खटाटोप!

आता आपल्याकडे पाहा. महाराष्ट्रात सारस उरला आहे तो मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात. त्याची संख्या पन्नासाच्या आतच आहे. येथे कोणी झगा घालत नाही, बाहुली नाचवत नाही. पूर्वजांनी खोदलेले मामा तलाव, गावोगावच्या बोड्या आणि पावसाळ्यात पाण्याने भरलेल्या धानाच्या बांध्या, हेच सारसाचे घर. नर आणि मादी आळीपाळीने अंडी उबवतात. बांधीत घरटे झाले, तर थोडेसे धान मोडते. ते सोसून घरटे राखणारा शेतकरी मला परदेशातील तज्ज्ञाइतकाच मोठा वाटतो. त्याच्या नुकसानीची भरपाई समाजाने करावी, हेही न्यायाचेच आहे.

‘प्राणिसंग्रहालय म्हणजे तुरुंग, ते बंदच करा,’ असे काहीजण म्हणतात. थायलंडचा सारस पाहिला, की हे म्हणणे पुरते पटत नाही. उलट, ‘संग्रहालयात पैदास होतेच, मग शेतातल्या पक्ष्याची काळजी कशाला?’ असे म्हणणे त्याहूनही चुकीचे आहे. पाणथळ जमीन बुजवली, पिकांवर विषारी औषधांचा मारा केला, पक्ष्यांच्या वाटेवर विजेच्या तारा ओढल्या, तर पिंजऱ्यातला सारस सोडायचा तरी कोठे? संग्रहालय पक्षी वाढवू शकते. तलाव वाढवू शकत नाही.

तेव्हा परदेशी जरूर जा, प्राणिसंग्रहालय पाहा आणि तो प्रश्नही विचारा. पण त्याआधी एखाद्या सकाळी चार मित्र मिळून आपल्या तलावावर जा. दूर उभे राहून, आवाज न करता पाहा. घरट्याजवळ जाऊ नका. ते कोठे आहे याचा गवगवाही करू नका. शेतमालकाला आणि वनखात्याला मात्र कळवा. दिसलेल्या पक्ष्यांची तारीखवार नोंद वहीत ठेवा.

थायलंडने जे गमावून मोठ्या कष्टाने परत मिळवले, ते आपल्या बांधीत अजून स्वतःच्या पायांवर उभे आहे. ते गमावण्याची वेळ आपण येऊ द्यायची काय?