चेष्टा नाही, खरंच!

मंडळी, "लिहिलेल्यात सूर कळत नाही हो" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. का, ते सांगतो.

15 जुलै 2024, सोमवारची रात्र. मी राहतो वादी कबीरला. मस्कतमध्ये रुवीच्या जवळ, गॅरेजं, गोदामं आणि आपल्यासारख्या नोकरदारांच्या भाड्याच्या बिल्डिंगा. इथल्या इमाम अली मशिदीत मोहरमसाठी लोक जमले होते, त्यांच्यावर गोळीबार झाला. चार पाकिस्तानी, एक भारतीय आणि एक ओमानी पोलीस असे सहा जण गेले. तिघे हल्लेखोरही मारले गेले. ज्या देशात आपण मध्यरात्री बायकामुलांसकट बिनधास्त फिरतो, तिथे हे घडलं.

आमच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर एका मित्राने लिहिलं, "गोळीबार चालू आहे. खाली उतरू नका." उत्तरं काय आली? दोन हसरे चेहरे, एक अंगठा, आणि "दिवाळी लवकर आली का रे?" कारण हा गडी रोज सकाळी तीन विनोद ढकलणारा! त्याच वेळी आमच्या वरच्या मजल्यावरचा शेजारी दूध आणायला निघाला होता. जिन्यात मी अडवला म्हणून थांबला. निरोप त्याने वाचला होता. तो अंगठा त्याचाच होता.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी खापर फोडलं ते बिचाऱ्या लेखनावर. आता मला सांगा, आपल्या आजोबांना कसा कळायचा सूर? पोस्टकार्डाचा कोपरा फाडलेला दिसला की मजकूर वाचायच्या आधीच घर गप्प व्हायचं. हळदकुंकवाची बोटं दिसली की लग्न. कोपऱ्याची ती खूण चालायची, कारण गंमत म्हणून कोणी कार्डाचा कोपरा फाडत नसे. आपण मात्र रोज उठून खोटे कोपरे फाडतो. "तातडीचे! सर्वांना पाठवा!" आणि खाली काय, तर लिंबूपाण्याचे फायदे.

"मग चेहरे वापरा की," असं तरुण मंडळी म्हणतात. त्याचीही गोष्ट ऐका. 1982 साली अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात लिफ्टमध्ये पारा सांडल्याचा विनोद कोणीतरी संगणकावर लिहिला, आणि काहींना ती खरीच सूचना वाटली. तेव्हा स्कॉट फाल्मन या प्राध्यापकाने विनोदासाठी कोलन, आडवी रेघ आणि कंस असा हसरा चेहरा सुचवला. पण पुढे तो असंही म्हणाला, की विनोदच इतके होतात की जे विनोद नाही त्यालाच खूण करणं स्वस्त पडेल. त्यासाठी त्याने उलटा कंस दिला. आपण काय केलं? हसरा उचलला आणि दुसऱ्याला रडका करून टाकलं. गांभीर्याची खूण गेली ती गेलीच.

आणि अंगठा? तो म्हणजे "वाचलं", "बरं", की "कबूल"? कॅनडात 2023 साली एका शेतकऱ्याने कराराच्या फोटोला पाठवलेला अंगठा कोर्टाने मंजुरी धरला आणि त्याला ब्याऐंशी हजार डॉलरांचा भुर्दंड बसला. तिकडे अंगठा सही ठरतो, आणि आपण तो मरणाच्या बातमीवरही टेकवतो!

खरं तर आपल्या भाषेत सूर लिहायची सोय आहे. "ये", "ये ना", "ये की", "ये हं", "येच". पाचांचा सूर वेगळा, आणि आवाज न ऐकता कळतो. तेव्हा आळस आपला आहे, लिपीला बोल लावू नका.

माझं म्हणणं एवढंच. धोक्याचा निरोप लिहाल तेव्हा कोणी पाहिलं, कुठे आणि किती वाजता ते लिहा, आणि शेवटी "चेष्टा नाही" असे दोन शब्द. वाचणाऱ्याने अंगठा न टेकवता "घरीच आहे" असं शब्दांत कळवावं. आणि हे दोन शब्द थट्टेत कधीही वापरू नयेत. एकदा वापरलेत, की तोही कोपरा फुकट गेला.

चेष्टा नाही.