पटावर नसलेला रोग

मंडळी, पाऊस सुरू झाला की आमच्या लोट्यात गजकर्णाचे मलम शोधणारे वाढतात. कंपनीत दिवसभर गमबूट घालणारे, लावणीला चिखलात उभे राहणारे, सगळेच. डॉक्टरकडे कोण जातो? त्यामुळे या खाजेची नोंद कुठेच होत नाही.

२०२२ साली एम्स, चंदीगडची पीजीआय आणि मँचेस्टर विद्यापीठातल्या तज्ज्ञांनी देशातल्या गंभीर बुरशीजन्य रोगांचा अंदाज मांडला. सुमारे ५ कोटी ७० लाख माणसे, म्हणजे शंभरात चार! अंगावरचे साधे गजकर्ण त्यात धरलेलेच नाही. पण ही मोजणी नव्हे. जुने शेकडो शोधनिबंध जुळवून केलेले गणित आहे. त्यात फुप्फुसात जुनाट बुरशी असलेले १७ लाख आहेत. त्यांचा खोकला, घटणारे वजन, थुंकीतले रक्त, सारे क्षयासारखेच. म्हणून कित्येकांना क्षयाचीच औषधे दिली जातात.

मोजता येत नाही असे मात्र नाही. मे २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसची नोंद सक्तीची करा, असे केंद्राने राज्यांना सांगितले आणि आकडे येऊ लागले.

मी पडलो मास्तर. पटावर नाव नसलेल्या मुलाच्या वाट्याला ना पुस्तक येते, ना खिचडी. रोगाचेही तेच. क्षयाच्या औषधांनी गुण न आलेल्यांची तरी बुरशीसाठी तपासणी व्हावी आणि ती वहीत चढावी, एवढे सरकारने करावे असे मला वाटते.

आणि नातेवाईकहो, स्टेरॉइडचे मलम मनाने लावू नका. खाज थांबते, बुरशी पसरते!