गॉसचा आकडा सांगा, मग बोला!



गाय दोन-तीनदा उलटली की गोठ्यात दोन पाहुणे येतात. पहिला सांगतो, शेतावरून गेलेल्या हाय टेन्शनच्या तारांमुळे जनावर गाभण राहत नाही. दुसरा गळ्यात बांधायचा चुंबकाचा पट्टा विकतो आणि महिन्याभरात गाय गाभण राहील अशी हमी देतो. चुंबक एकाच्या तोंडी विष, दुसऱ्याच्या तोंडी अमृत! दोघांनाही एकच प्रश्न विचारा : किती गॉस?

चुंबकाची ताकद गॉसमध्ये मोजतात. आपल्या राज्यात ही मोजणी शंभर वर्षांवर चालू आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्याने कुलाबा वेधशाळेतल्या सुया बिघडणार, म्हणून सरकारने 1904 साली रायगडच्या किनाऱ्यावर अलिबागला नवी वेधशाळा सुरू केली. इमारतीत लोखंड वापरले नाही. ट्राम धावली त्यानंतर, 1907 साली. सुईची एवढी काळजी! कापसाची कधी केली? असो. अलिबागला पृथ्वीचे चुंबकत्व भरते सुमारे 0.4 गॉस. एवढ्याशा चुंबकत्वात आपल्या गाई-म्हशी पिढ्यान्‌पिढ्या व्यात आल्या आहेत.

जबर चुंबकत्वाचा परिणाम होतो, हे खोटे नाही. 1998 साली अमेरिकेत दीड लाख गॉसच्या वर बेडकाची अंडी ठेवली, तेव्हा त्यातल्या पेशी विभागण्याची दिशा बदलली. पण ही ताकद पृथ्वीच्या लाखो पट! तारांचे गणित वेगळे, कारण तिथला प्रवाह सतत उलटसुलट होतो. तरी तारेखाली भरते साधारण 0.2 गॉसच्या आत. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाने दुभत्या गाई 0.3 गॉसमध्ये ठेवून पाहिल्या. काही प्रयोगांत माजाचे चक्र थोडे लांबले. गाई वांझ होतात असा निष्कर्ष निघाला नाही.

तेव्हा लाईन टाकणाऱ्याकडे 'गाय उलटली' म्हणून जाऊ नका. तो हसत पुरावा मागेल आणि तुम्ही रिकाम्या हाताने परत याल. भांडायचे ते जमिनीच्या पैशावर. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने 2015 साली टॉवरखालच्या जमिनीला किमतीच्या 85 टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला 15 टक्क्यांपर्यंत भरपाई सुचवली. 2024 साली तेच आकडे 200 आणि ग्रामीण भागात 30 टक्के झाले. तुमच्या हातात किती पडले?

आता पट्टेवाला. गाईने गिळलेले तार-खिळे आत टोचू नयेत म्हणून परदेशात तिला चुंबकच गिळायला देतात. तो दुसऱ्या पोटात वर्षानुवर्षे राहतो. त्या गाई नेहमीसारख्याच माजावर येतात, नेहमीसारख्याच व्यातात. पोटातल्या चुंबकाने जे होत नाही, ते गळ्यातल्या पट्ट्याने होणार? चुंबकाची ताकद वीत-दोन वितीत गळून जाते. गळा कुठे, गर्भाशय कुठे!

गाय का उलटते ते गव्हाणीत पाहा. उन्हाळाभर नुसता कडबा. हिरवा चारा नाही, खनिज मिश्रण नाही. का नाही? कापसाच्या आणि ज्वारीच्या भावात त्याचे पैसे उरत नाहीत म्हणून. म्हशीचा मुका माज तर उन्हात कळतच नाही. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. डॉक्टर उगवतो तिसऱ्या दिवशी. आणि कापूसवाल्यांनो, वळूला कच्ची सरकी भरमसाट घालू नका. तिच्यातल्या गॉसिपॉलने वीर्य बिघडते, हे प्रयोगांत दिसलेले आहे. चुंबकाला शिव्या देणारे याबद्दल चकार शब्द काढत नाहीत.

जिल्हा बैठकीत दोन ठराव मांडू. लाईन टाकणाऱ्याने तारेखालचा गॉसचा आकडा मोजून, भरपाईच्या हिशेबासह, सातबाऱ्याच्या धन्याला लेखी द्यावा. आणि पट्टेवाल्याला गावात पैसे मिळतील ते गाय व्यायल्यावर.