ससाणे कुठून गेले ते कळलं, किती गेले ते कोण मोजणार?

नोव्हेंबर २०२५ मध्ये मणिपूरच्या तामेंगलोंग जिल्ह्यातून तीन अमूर ससाणे पाठीवर छोटं यंत्र घेऊन उडाले. अपापांग, अलांग आणि अहू अशी त्यांची नावं. वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे कबुतराच्या निम्म्याने. त्यातला अपापांग तीन दिवसांत तीन हजार किलोमीटर कापत महाराष्ट्रावरून गेला आणि पुढे अरबी समुद्र ओलांडून थेट आफ्रिकेत उतरला. त्याचा नकाशा गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला. "आपल्या डोक्यावरून गेला की राव," असं म्हणत लोकांनी तो पुढे पाठवला. चार दिवस चर्चा झाली आणि विषय मागे पडला.

पण एक प्रश्न तसाच राहिला. यंत्र तीन पक्ष्यांवर होतं. त्यांच्यासोबत महाराष्ट्रावरून किती गेले? मागच्या साली जेवढे गेले तेवढेच, की कमी? आपल्या भागात याचं उत्तर कोणाकडे नाही, कारण इथे मोजणीच नाही.

यंत्र वेगळं, मोजणी वेगळी

उपग्रहाचं यंत्र एका पक्ष्याची वाट दाखवतं. तो कुठे थांबला, कधी निघाला, कुठून समुद्रात शिरला हे सगळं कळतं. मात्र जात टिकली की घटली, हे त्यातून कळत नाही. एका मेंढीच्या गळ्यात घंटा बांधली तर कळप कुठे चरतोय ते समजतं. कळपात मेंढरं किती उरली ते संध्याकाळी वाड्यात मोजल्याशिवाय समजत नाही.

जगात काही ठिकाणी अशी मोजणी दरवर्षी होते. जॉर्जिया देशात बाटुमी नावाचं शहर आहे. एका बाजूला काळा समुद्र, दुसऱ्या बाजूला कॉकेशसचे डोंगर. गरुड, घारींसारखे मोठे पक्षी तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेवर तरंगत जातात. समुद्रावर तशी हवा मिळत नाही, म्हणून ते पाणी टाळतात आणि या चिंचोळ्या पट्टीत गर्दी करतात. २००८ पासून तिथे ऑगस्ट ते ऑक्टोबर दोन टेकड्यांवर स्वयंसेवक दिवसभर मोजत बसतात. एका हंगामात दहा लाखांहून अधिक शिकारी पक्षी तिथून जातात. नेपाळात पोखराजवळ ठुलाखर्क इथेही हिमालयाच्या कडेने जाणारे गरुड अशाच पद्धतीने मोजले जातात.

आपल्या माळावर तशी चिंचोळी वाट नाही. पक्षी रुंद आभाळातून पसरून जातात. टेकडीवर बसून एकेक मोजायचा म्हटलं तर दिवस जाईल आणि हाती दहा-वीस लागतील. म्हणून इथे मोजणीची जागा वेगळी आहे. ती म्हणजे संध्याकाळी पक्षी ज्या गवतात झोपायला उतरतात, ते गवत.

भोवत्या माळावरच झोपतो

पाऊस उघडला की रशिया, कझाकस्तानकडून हॅरियर जातीचे ससाणे आपल्याकडे येतात. मराठी पुस्तकांत त्यांना भोवत्या म्हणतात. गावात मात्र सगळ्यांना ससाणा नाहीतर घारच म्हणतात. लांब पंख, लांब शेपूट, आणि गवतावर कमरेएवढ्या उंचीने डुलत डुलत फिरणारा पक्षी दिसला तर तो भोवत्या समजावा. सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो, मार्च-एप्रिलात परत जातो. खाणं नाकतोडे, उंदीर, सरडे, लहान पक्षी.

हा पक्षी झाडावर झोपत नाही. दिवस मावळताना चारी दिशांनी येऊन माळावरच्या गवतात, जमिनीवर उतरतो. एकाच जागेवर पाच-दहापासून शेकड्यांपर्यंत जमतात. गुजरातमध्ये भावनगर जिल्ह्यातलं वेळावदर राष्ट्रीय उद्यान यासाठी जगात नावाजलेलं आहे. एकेकाळी तिथे एका रात्री हजाराहून अधिक भोवत्ये उतरायचे. ते पुढे घटत गेले, हेही मोजणीमुळेच कळलं.

२०२३ च्या देशपातळीवरच्या पक्षी अहवालातही शिकारी पक्षी आणि उघड्या माळावरचे पक्षी घटत असल्याचं आलं. सुमारे तीस हजार पक्षीनिरीक्षकांनी ईबर्डवर टाकलेल्या नोंदींवर हा अहवाल उभा आहे. पण या नोंदी शहरांजवळ आणि अभयारण्यांत जास्त असतात. तालुक्याच्या टोकाला असलेल्या गायरानात कोण जातो?

मोजलं म्हणून काय झालं?

पक्षी मोजून कुणाचं पोट भरतं, असा सवाल गावात हमखास येतो. सवाल रास्त आहे. उत्तर गिधाडांपासून सुरू होतं.

चाळिशीच्या पुढच्या प्रत्येकाला आठवतं, गावाबाहेर मेलेलं जनावर टाकलं की गिधाडं उतरायची. नव्वदच्या दशकात ती दिसेनाशी झाली. राजस्थानात भरतपूरला शास्त्रज्ञ घरटी मोजत होते, म्हणून घट पहिल्यांदा कागदावर आली. शोध घेता घेता कारण सापडलं ते डायक्लोफेनॅक. दुखण्यावर जनावरांना टोचायचं साधं औषध. ते टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडाने खाल्लं की त्याची किडनी निकामी व्हायची. २००६ मध्ये जनावरांसाठी हे औषध बंद झालं. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून अधिक संपली होती. मोजणी होती तरी एवढा उशीर झाला.

दुसरं उदाहरण अर्जेंटिनाचं, आणि ते शेतकऱ्याच्या जास्त जवळचं आहे. स्वेनसन नावाचा ससाणा उत्तर अमेरिकेत अंडी घालतो आणि हिवाळा काढायला अर्जेंटिनात जातो. तिथे तो नाकतोडे खातो. उपग्रहाच्या यंत्रामुळे तो नेमका कुठे जातो ते कळलं. शास्त्रज्ञ तिथे पोचले तर शेतात मेलेल्या ससाण्यांचा सडा. मोजणी केली. १९९५-९६ च्या एका हंगामात सुमारे वीस हजार मेले असा अंदाज निघाला. कारण होतं नाकतोड्यांवर फवारलेलं मोनोक्रोटोफॉस. आकडा समोर आल्यावर तिथे या औषधावर बंधनं आली आणि मरतूक थांबली.

मोनोक्रोटोफॉस आपल्या शेतकऱ्याला नवं नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा चर्चेत आलेल्या औषधांत तेही होतं. जे औषध नाकतोड्यातून ससाण्याला मारतं, ते फवारणाऱ्याच्या अंगालाही सोडत नाही. ससाणा आधी मरतो, एवढाच फरक.

उंदराच्या औषधाचंही तसंच. ब्रोमॅडिओलोन खाल्लेला उंदीर जागेवर मरत नाही. दोन-चार दिवस सुस्त होऊन फिरतो. घुबड, घार, भोवत्या यांना असा उंदीर सहज सापडतो आणि विष त्यांच्या पोटात जातं. पुढच्या हंगामात उंदीर पुन्हा वाढतात, पण त्यांना खाणारा कमी झालेला असतो.

तिसरं उदाहरण अमूर ससाण्याचंच. २०१२ मध्ये नागालँडच्या पांगती गावाजवळ, डोयांग धरणाच्या काठावर, जाळी लावून हे पक्षी विक्रीसाठी पकडले जात होते. तिथे गेलेल्या लोकांनी किती टोळ्या आहेत आणि एका टोळीला रोज किती पक्षी सापडतात ते मोजलं. हंगामात सव्वा लाखाच्या आसपास पक्षी मारले जात असल्याचा हिशोब निघाला. हा आकडा देशभर गेला. गाव, चर्च, सरकार आणि संस्था एकत्र बसले. पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, तिथली शिकार थांबली. गावकऱ्यांनीच थांबवली. आज महाराष्ट्रावरून जाणाऱ्या थव्यांत त्या निर्णयाचा वाटा आहे.

जमीन अडकेल, ही भीती

आपल्याकडे मोजणीला लोक नाखूश असतात, त्याला कारण आहे. सोलापूर-नगर भागात १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यात गावंच्या गावं, बागायती शेतं, बाजारपेठा आल्या. जमिनीचे व्यवहार, प्रकल्प अडकले. क्षेत्र कमी होऊन १,२२२ चौरस किलोमीटरवर यायला तीस वर्षांहून अधिक काळ गेला. माळढोकही टिकला नाही. आता नान्नजला एखादा दिसला तरी बातमी होते. त्यामुळे "पक्षी दाखवू नका, वनखातं येईल" असं जुनी माणसं म्हणतात, त्यात नुसता अडाणीपणा नाही.

पण अभयारण्य जाहीर होणं आणि गावाने आपल्या वहीत नोंद करणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जैविक विविधता कायदा २००२ चा आहे. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला पाहिजे. बऱ्याच गावांत ती वही कपाटात पडून असते. त्यात पक्ष्याची नोंद केल्याने कोणाचा सातबारा अडकत नाही.

उलट नोंद नसण्याचा तोटा मोठा आहे. सरकारी कागदावर माळाला पडीक म्हणतात. उद्या गायरानावर एखादा प्रकल्प आला की "इथे काहीच नाही" असंच लिहिलं जाणार. मेंढरं चरतात, गवत कापलं जातं, पक्षी उतरतात, हे लिहून ठेवलेलं नसेल तर ग्रामसभेला दाखवायला काय राहणार? चार-पाच वर्षांची तारीखवार नोंद असेल तर निदान बोलायला आधार होतो.

करायचं काय?

खर्च जवळपास नाही. मेंढपाळाला विचारलं की पक्षी कोणत्या गवतात उतरतात ते तो सांगतो. ऑक्टोबर ते मार्च, महिन्यातून एक ठरलेला दिवस. दोघं-तिघं सूर्यास्ताच्या तासभर आधी लांब, आडोशाला बसायचं. गवतात शिरायचं नाही, कुत्री न्यायची नाहीत, बॅटरी मारायची नाही. पूर्ण अंधार पडेपर्यंत येणारा प्रत्येक पक्षी मोजायचा.

जात ओळखली नाही तर नुसतं भोवत्या लिहावं. माद्या आणि पिल्लं ओळखताना जाणकारही चुकतात. एकही आला नाही तर शून्य लिहायचं. शून्यही नोंदच आहे. जागा, वेळ, दिवस मात्र बदलायचा नाही, नाहीतर या वर्षीचा आकडा पुढच्या वर्षीच्या शेजारी ठेवता येत नाही. तोच आकडा ईबर्ड या मोफत ॲपवर टाकला तर अभ्यासकांपर्यंत जातो. शेतात मेलेला ससाणा किंवा घुबड सापडलं तर उघड्या हाताने उचलू नये. फोटो काढून, जवळपास कोणती फवारणी झाली ते लिहून वनरक्षकाला कळवावं.

शाळेतल्या नववी-दहावीच्या पोरांना हे सहज जमेल. वही ग्रामपंचायतीची, सही समितीच्या अध्यक्षाची. येत्या ऑक्टोबरच्या आधी ग्रामसभेत एवढा एकच विषय घेतला, तरी पहिल्या मोजणीला उशीर होणार नाही.