कुलूपबंद कपाट आणि चांदीचे पेले

माझे वडील बडोद्याच्या दरबारात गवई होते. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. एकाच चिजेचे दोन पाठ समोर ठेवून ते विचारीत, "यातला खरा कोणता? आणि कशावरून?" हा प्रश्न आज शाळेतल्या मुलांना कोणी विचारीत नाही. मी जिथे गाणे शिकवितो तिथे पुस्तकांच्या कपाटाची किल्ली कारकुनापाशी असते, आणि मोबाईलवर पहिले जे दिसेल ते मुले वहीत उतरवून घेतात. दोष मुलांचा नव्हे.

सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डनसाहेबांना बोलाविले. पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या. पण पेट्यांवरच न थांबता १९११ साली ग्रंथपालांचा शिक्षणवर्गही निघाला. १९१३ साली भीमराव आंबेडकर कोलंबियाला गेले, तेही याच संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. पुस्तकावर खर्च करावा तसा माणसावरही करावा, हे त्या राजाला कळत होते.

माझी एक शिष्या ग्रंथालयशास्त्र शिकली. मुले माहिती कशी शोधतात, कशी पारखतात, यावर तिला संशोधन करायचे होते. त्यासाठी वर्षभर शाळाशाळांतून बसणे भाग होते. पैशाअभावी ते राहिले. आज ती एका दुकानात हिशेब लिहिते. (गळाही तिचा बरा होता!)

आपल्या जुन्या घरांतून आजोबांच्या नावे गायनस्पर्धांना चांदीचे पेले दिले जातात. परीक्षक म्हणून ते मीच वाटतो, तेव्हा बोलण्याचा थोडा अधिकार आहे. चार घरांनी मिळून अशा एका संशोधकाला वर्षाची शिष्यवृत्ती द्यावी. अट एवढीच, की प्रबंध विद्यापीठात धूळ खात पडू नये. शाळांच्या शिक्षकांपुढे तो मराठीत आणि गुजरातीत वाचला जावा. माझ्या शिकवण्यांचे एका महिन्याचे पैसे मी आजच बाजूला काढले आहेत.