नरक्याला देवाच्या रानात जागा नाही काय?

देवाच्या नावाने राखलेले रान देवाच्याच नावाने तोडले जावे, ही विटंबना सह्याद्रीच्या अनेक गावांत चालली आहे, आणि भाविक म्हणविणारा समाज ती मुकाट्याने पाहत आहे. जुन्या कौलारू देवळाच्या जागी सिमेंटचा सभामंडप उभा राहतो, मोटारींसाठी अंगण रुंदावते, आणि त्यापायी देवराईचा एकेक कोपरा साफ होतो. मोठी झाडे पडली म्हणजे निदान चार माणसे हळहळतात. झुडुपे गेल्याची मात्र कोणी दादही घेत नाही. त्या दाद न लागणाऱ्यांपैकी एकाची कैफियत आम्ही आज वाचकांपुढे मांडीत आहोत.

त्याचे नाव नरक्या. फुलांना दुर्गंध येतो म्हणून मराठीने त्याला नरकाशी जोडले. कन्नडातही त्याला ‘दुर्वासने मर’, म्हणजे घाण वासाचे झाड, असेच म्हणतात. फांद्यांच्या टोकांशी दाटलेली पाने, पावसाळ्यात येणारी बारीक पिवळट फुले आणि पिकल्यावर काळसर जांभळी होणारी लांबट फळे असे हे मोठे झुडूप किंवा लहानसा वृक्ष आहे. मुंबई परिसरातील वनस्पतींची यादी करणाऱ्या जॉन ग्रॅहमने 1839 साली जोसेफ निम्मो या वनस्पतिशोधकाचे नाव त्यास दिले. शास्त्रीय नावातील ‘निम्मोनियाना’ हा शब्द त्याचीच खूण होय.

या उपेक्षिताच्या अंगी काय आहे? 1966 साली अमेरिकेत मन्रो वॉल आणि आपल्या नंदुरबारात जन्मलेले मनसुख वाणी यांनी एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य वेगळे केले. कर्करोगाच्या पेशी वाढताना ज्या विकराच्या आधारे आपला जनुकीय धागा उलगडतात, त्या विकरालाच हे द्रव्य जखडून ठेवते. 1972 साली टी. आर. गोविंदाचारी व एन. विश्वनाथन यांनी तेच द्रव्य आपल्या नरक्यात असल्याचे दाखविले. पुढे त्यापासून सिद्ध झालेली टोपोटेकन व इरिनोटेकन ही औषधे 1996 साली अमेरिकेत मान्य झाली, आणि अंडाशयाच्या व मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर ती आज जगभर दिली जातात.

ज्याने माणसाला जीवदान दिले, त्याच्याच जिवावर माणूस उठला. लाकडातील द्रव्याचे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी. म्हणून थोड्या औषधासाठी पुष्कळ लाकूड लागते. द्रव्य मुळांतही असल्यामुळे झाड तोडून भागत नाही, ते मुळासकट उपटतात. बुंधा राखला तर त्यास नवे धुमारे फुटतात. मूळच गेल्यावर फुटणार काय? शिवाय नरक्यात पुष्कळदा नर-फुलांचे झाड वेगळे आणि मादी-फुलांचे वेगळे असते. रान विरळ झाले की राहिलेले झाड एकाकी उभे राहते, आणि त्याला फळ धरत नाही.

आमच्या कोगनोळीकर वाचकांनी ‘हे घाटातले दुखणे, आमच्या उसाच्या व तंबाखूच्या मुलखाला त्याचे काय?’ असे म्हणू नये. कागल आणि कोगनोळी यांच्यामधून वाहणारी दूधगंगा राधानगरीच्या डोंगरांतून येते. ज्या सदाहरित रानांत नरक्या वाढतो, तीच राने पावसाचे पाणी जिरवून तिला पुरवितात. हमरस्त्यावर महाराष्ट्र संपून कर्नाटक सुरू होतो, रान मात्र राधानगरी, आंबोली, खानापूर आणि गोवा असे सलग पसरले आहे. सीमेचा वाद माणसांचा आहे. झुडुपाला तो ठाऊक नाही.

काही विश्वस्त विचारतात, ‘ज्याची पाने-फुले पूजेला चालत नाहीत, ते देवाच्या रानात कशाला?’ या प्रश्नाचे आम्हांस नवल वाटते. गणपतीच्या एकवीस पत्रींत विषारी धोत्रा आहे आणि चिकाची रुईही आहे. हलाहल कंठी धारण करणाऱ्या शंकराला धोत्र्याचे फूल प्रिय, असे सांगणारा आपला धर्म; त्याने वासावरून झाडाची जात ठरवावी काय? देवराईचा मूळ नियमही असा निवडक नव्हता. तेथली काडी उचलू नये, एवढेच पूर्वज सांगत. काडी उपयोगी की निरुपयोगी हे ते विचारीत नसत. 1972 पूर्वी नरक्याचा गुण कोणास ठाऊक होता? उपयोग पाहूनच राखायचे असते, तर तो केव्हाच चुलीत गेला असता.

दुसरा आक्षेप गरिबाच्या पोटाचा. तो खरा आहे, आणि म्हणूनच आम्ही सांगतो की झाड उपटून विकणाऱ्याला पैसा एकदाच मिळतो, आणि त्यातलाही मोठा वाटा दलालाचा असतो. बी गोळा करून रोपे करणे आणि शेताच्या बांधावर ती वाढवून बुंधा राखून तोडणे, यात त्याचे पोट आणि झाड दोन्ही राहतात.

तेव्हा देवस्थानांकडे आमचे मागणे स्पष्ट आहे. जीर्णोद्धाराचा नकाशा करण्यापूर्वी देवराईतील झाडाझुडुपांची मोजणी करावी. मंडप रानाबाहेर बांधावा. नरक्याचे बी राखून त्याची रोपे प्रसादासारखी गावकऱ्यांना वाटावीत. सोन्याचा कळस वर्गणीने पुन्हा चढविता येतो. उपटलेली देवराई कोणत्याही वर्गणीने परत येत नाही.