काटकसरीचा कोपरा : थंडीतले विरजण

एक गॅलन दुधाचे, म्हणजे पावणेचार लिटरचे, जवळजवळ तेवढेच दही होते. तेवढ्या पैशांत दुकानात याहून बरेच कमी दही येते. पण अमेरिकेच्या थंडीत विरजण लागत नाही, ही अनेकांची तक्रार. आम्ही दूध उकळतो, बोटाला सोसेल इतके कोमट झाले की दोन चमचे विरजण घालतो आणि पातेले झाकून रात्रभर ओव्हनमध्ये ठेवतो. ओव्हन बंद, नुसता आतला दिवा चालू. सकाळी कवड्या पडतील असे दही तयार! वाचलेले डॉलर तिकिटाच्या बरणीत जातात. तिकडे आईवडील थकत चालले आहेत. तीन वर्षांऐवजी दोन वर्षांनी जाता यावे, एवढाच हेतू. तुमचीही युक्ती जरूर कळवा.